वजनात बसण्याची किंमत : गट बदलताना मुष्टियोद्ध्याचे नेमके काय बिघडते?

कोपऱ्यातला_स्टूल (धागाकर्ता)

१५ मे २००४ च्या रात्री लास व्हेगासमध्ये अँटोनियो टार्व्हरचा डाव्या हाताचा ठोसा रॉय जोन्स ज्युनियरच्या जबड्यावर बसला आणि सामना दुसऱ्याच फेरीत संपला. त्याआधीच्या पंधरा वर्षांच्या व्यावसायिक कारकिर्दीत जोन्सच्या नावावर एकच पराभव होता, आणि तोही नियमभंगामुळे बाद ठरवले गेल्याने पदरी आलेला. टार्व्हरचा ठोसा चांगलाच होता, याबद्दल वाद नाही. परंतु त्या रात्रीची गोष्ट चौदा महिने आधी सुरू झाली होती, असे मला आजही वाटते.

१ मार्च २००३ रोजी जोन्सने हेवीवेट या सर्वांत वरच्या वजनगटात जाऊन जॉन रुईझला हरवले. रुईझचे वजन २२६ पौंड, जोन्सचे १९३. मिडलवेट या कितीतरी खालच्या गटाचा माजी विजेता हेवीवेटचा किताब जिंकतो, ही घटना १८९७ मधल्या बॉब फिट्झसिमन्सनंतर प्रथमच घडत होती. तेथेच तो थांबला असता तर कदाचित आज आपण निराळे बोलत असतो. पण त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला तो पुन्हा १७५ पौंडांच्या लाइट हेवीवेट गटात टार्व्हरसमोर उभा राहिला. काही महिन्यांपूर्वी मेहनतीने चढवलेले अठरा पौंड त्याने उतरवले होते. तो सामना तो गुणांवर जेमतेम जिंकला. मात्र उत्तरार्धात दोरांना पाठ लावून उभा राहिलेला, ठोसे हुकवण्याऐवजी हातांवर झेलणारा तो माणूस जोन्स वाटत नव्हता. पुढचा सामना वर सांगितलाच आहे.

वजन उतरवणे म्हणजे काय, हे मी अगदी खालच्या पातळीवर का होईना, अनुभवले आहे. नव्वदच्या दशकात महाविद्यालयात असताना मी ५४ किलोचा होतो आणि ५१ किलोच्या गटात खेळत असे. एका स्पर्धेच्या आदल्या रात्री मी वसतिगृहाच्या न्हाणीघरात गरम पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या, दार लावून घेतले आणि बनियनवर प्लॅस्टिकचा रेनकोट व त्यावर स्वेटर चढवून तासभर दोरीवरच्या उड्या मारल्या. नंतर आवळासुपारी चघळत एका रिकाम्या डब्यात थुंकत बसलो, कारण थुंकीचेही वजन असते, असे मोठ्या मुलांनी शिकवले होते. पहाटे जीभ टाळूला चिकटलेली होती आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला होता. काटा ५०.९ वर थांबला तेव्हा झालेला आनंद कोणत्याही विजयाहून मोठा होता. मग ग्लुकोजचे पाणी आणि चार केळी एका दमात पोटात घातली आणि चार-पाच तासांनी रिंगमध्ये उतरलो.

पहिली फेरी बरी गेली. तिसऱ्या फेरीत समोरच्याचा उजवा हात खांद्यापासून निघताना मला स्पष्ट दिसला, कोणत्या बाजूला झुकायचे हेही कळले, पण डोके जागचे हलले नाही. हात दमतात, पाय जड होतात, हे मला ठाऊक होते. दिसूनही हलता न येणे हा अनुभव मात्र नवा होता, आणि जोन्सचा सामना पाहताना मला तोच आठवला.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, काट्यासाठी उतरवलेल्या वजनाचा काही भाग पाणी असतो आणि तो लवकर परत येतो. काही भाग मात्र वेळेत परत येतच नाही, आणि जे परत येत नाही ते ठोशाच्या जोरात दिसण्याआधी पायांत, प्रतिक्रियेत आणि मार सोसण्याच्या क्षमतेत दिसते. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

आडवाटेचा_पांथस्थ

लेख आवडला, पण निष्कर्ष मान्य नाही. टार्व्हरकडून हरला तेव्हा जोन्स ३५ वर्षांचा होता. त्याचा सारा खेळ प्रतिक्षिप्त वेगावर उभा होता. तो हात खाली ठेवून, हनुवटी उघडी टाकून खेळत असे, आणि असा खेळाडू वयाने एका रात्रीत म्हातारा होतो. सप्टेंबर २००४ मध्ये ग्लेन जॉन्सननेही त्याला नवव्या फेरीत झोपवले. तेव्हा तर वजन उतरवून वर्ष होत आले होते. प्रत्येक पराभवाचे खापर काट्यावर फोडायचे ठरवले, तर विजेत्याचे श्रेय कोणाला द्यायचे?

कोपऱ्यातला_स्टूल

वयाचा मुद्दा रास्त आहे आणि जोन्सच्या बाबतीत दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत, हे मी मान्य करतो. म्हणूनच वयाची सबब ज्याला लागू होत नाही असे उदाहरण देतो. सप्टेंबर १९९९ मध्ये मॅनी पॅकियाओ वीस वर्षांचा होता आणि ११२ पौंडांच्या फ्लायवेट गटाचा विजेता होता. थायलंडमध्ये मेडगोएन सिंगसुरतविरुद्धच्या सामन्याच्या वेळी तो काट्यावर एक पौंड जास्त भरला, किताब तिथेच गेला आणि दुसऱ्या दिवशी पोटावरच्या ठोशाने तिसऱ्या फेरीत तो बाद झाला. त्यानंतर तो १२२ पौंडांच्या गटात गेला, म्हणजे मधले दोन गट ओलांडून थेट दहा पौंड वर. दोन वर्षांच्या आत, जून २००१ मध्ये, त्याने लेहलो लेडवाबाला पार निष्प्रभ करून त्या गटातला किताब घेतला. फ्लायवेटमध्ये बाद होणारा मुलगा वरच्या गटातल्या मोठ्या माणसांना पाडू लागला, याचे कारण वय तर नक्कीच नव्हे. त्याचे वाढते शरीर ११२ मध्ये मावत नव्हते.

दुसऱ्या टोकाला ऑस्कर डी ला होया आहे. ६ डिसेंबर २००८ ला तो याच पॅकियाओसमोर १४७ पौंडांच्या मर्यादेत उतरला, जिथे तो २००१ नंतर खेळलाच नव्हता. काट्यावर त्याने १४५ भरले, म्हणजे मर्यादेहूनही दोन पौंड कमी, आणि पॅकियाओने १४२. नैसर्गिकरीत्या कितीतरी मोठा असलेला हा माणूस सामन्याच्या रात्रीपर्यंत फारसा भरून आलाच नाही. आठव्या फेरीनंतर तो स्टूलवरून उठला नाही.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, खेळाडू नाही. धागाकर्त्यांनी ‘पाणी’ आणि ‘परत न येणारे’ असा जो भेद केला आहे, तो थोडा उलगडून सांगतो.

पहिल्या दोन-तीन किलोंसाठी फारसा घाम गाळावा लागत नाही. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने अंदाजे अर्धा किलो साखर साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात, पोळी, साखर बंद केली की हा साठा आणि त्याबरोबरचे पाणी उतरते. मीठ कमी केले की आणखी थोडे पाणी जाते, चोथा असलेले अन्न थांबवले की आतड्यातले वजन कमी होते. या साऱ्यात शरीराचे फार नुकसान होत नाही. फक्त हीच साखर तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्यांचे इंधन असते, आणि ती पुन्हा पूर्ण भरायला साधारण एक दिवस लागतो.

खरा प्रश्न शेवटच्या चोवीस तासांत गाळलेल्या घामाचा आहे. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी दम टिकण्यावर परिणाम होऊ लागतो. रक्तातला द्रवभाग घटतो, हृदयाला प्रत्येक ठोक्यामागे कमी रक्त मिळते, म्हणून ते अधिक वेगाने धडधडते, आणि त्वचेकडे पुरेसे रक्त न गेल्याने शरीर तापते. एकदाच मारलेल्या ठोशाचा जोर यामुळे फारसा कमी होत नाही. त्यामुळे सरावाच्या पॅडवर खेळाडूला आपण ठीक आहोत असे वाटते आणि तो फसतो. फरक सातव्या फेरीत कळतो.

साध्या पाण्याने ही भरपाई नीट होत नाही. सोडियम नसलेले पाणी भरभर प्यायले तर त्यातले बरेचसे मूत्रावाटे निघून जाते. त्यासाठी क्षारसंजीवनी, मिठाची पेज असे काही लागते. शिरेतून सलाईन घेणे हा जुना उपाय होता, परंतु जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार रुग्णालयातील उपचारांसारखे अपवाद वगळता बारा तासांत १०० मिलिलिटरहून अधिक द्रव शिरेतून घेता येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही निषिद्ध आहेत.

आणि मेंदू. निर्जलीकरणात मेंदूचे आकारमान किंचित घटते आणि भोवतीच्या पोकळ्या रुंदावतात, असे प्रतिमा-चाचण्यांत दिसले आहे. कवटी आणि मेंदू यांना जोडणाऱ्या बारीक शिरा अशा वेळी अधिक ताणल्या जात असाव्यात आणि धक्क्याने फाटण्याची शक्यता वाढत असावी, अशी शंका अभ्यासकांना आहे. हा धोका मोजून सांगणे अवघड आहे. पण मुष्टियुद्धात डोक्यावर मारणे नियमातच बसत असल्यामुळे मी ती शंका हलक्यात घेणार नाही.

तांबडी_माती

आमच्या तालमीत ‘वजनात बसला का?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’ इतकाच रोजचा. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी अंतिम लढतीच्या सकाळी अपात्र ठरली, तेव्हा आमच्या वस्तादांनी त्या दिवशी आखाडा लवकर बंद केला. कुस्तीत दोन दिवस दोनदा वजन होते. मुष्टियुद्धात नियम कसा आहे?

कोपऱ्यातला_स्टूल

हौशी आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध या बाबतीत जवळपास दोन वेगळे खेळ आहेत. ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळीच वजन होते आणि पुढची लढत असेल त्या सकाळी पुन्हा होते. म्हणजे दहा-बारा दिवस वजनात राहावे लागते. त्यामुळे तिथे पाच-सहा किलो पाणी गाळून दुसऱ्या दिवशी भरून काढण्याचा डाव चालत नाही. व्यावसायिक खेळात वजन आदल्या दिवशी होते आणि हाती चोवीस ते तीस तास मिळतात.

यातली गंमत, हा शब्द चुकीचा वाटत असला तरी, अशी की ही सवलत सुरक्षिततेसाठी दिली गेली. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीबरोबरच्या सामन्यात चौदाव्या फेरीत कोसळलेला दक्षिण कोरियाचा किम ड्यूक-कू चार दिवसांनी मरण पावला. वजनात बसण्यासाठी त्याने फार हाल काढले होते. त्यानंतर विजेतेपदाचे सामने पंधरांवरून बारा फेऱ्यांवर आले आणि त्याच दशकात वजन आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रुळली. खेळाडूंनी त्या वाढीव तासांचा हिशेब केला आणि आणखी खालच्या गटात बसू लागले.

आडवाटेचा_पांथस्थ

म्हणजे तुमच्याच मुद्द्याची दुसरी बाजू समोर आली. वजन उतरवून नुकसानच होत असेल, तर सगळे ते का करतात? २६ फेब्रुवारी २००० ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्तुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत १४१ पौंडांच्या मर्यादेत ठरली होती. सामन्याच्या रात्री प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीच्या काट्यावर गॅटी १६० च्या आसपास भरला आणि गमाश १४५. गमाश दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पडला आणि पुन्हा कधीच खेळला नाही. त्याने न्यूयॉर्क राज्यावर खटलाही भरला होता. वजन उतरवणाऱ्याची कामगिरी खालावते म्हणता, मग त्या रात्री खालावली कोणाची?

कोपऱ्यातला_स्टूल

हा प्रश्न मला अडचणीत आणणारा आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढे म्हणता येईल की गॅटीचा सामना दोन फेऱ्यांत संपला; लांबला असता तर काय झाले असते ते कोणालाच सांगता येणार नाही. वजन उतरवणे ही पहिल्या तीन-चार फेऱ्यांवर लावलेली पैज असते, असे मी म्हणेन, आणि काही जण ती जिंकतात. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघ, म्हणजे आयबीएफ, किताबाच्या सामन्यात दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन घेते आणि मर्यादेहून दहा पौंडांपेक्षा जास्त भरू देत नाही. तो नियम या पैजेला लगाम घालण्यासाठीच आहे. जागतिक मुष्टियुद्ध परिषद, म्हणजे डब्ल्यूबीसी, महिनाभर आधीही वजन मागते आणि त्या वेळी मर्यादेच्या दहा टक्क्यांहून अधिक वर असू नये, असा तिचा आग्रह असतो.

ईशान्यवारा

सगळी चर्चा अमेरिकेतच चालली आहे म्हणून लिहिते. मेरी कोमकडे पाहिले तर ‘वर जाणे चांगले, खाली येणे वाईट’ हे सूत्र टिकत नाही. तिची सगळी जागतिक विजेतेपदे ४५, ४६ आणि ४८ किलोची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी तीनच गट होते आणि सर्वांत खालचा ५१ चा; त्यामुळे तिला वर चढावे लागले. उपांत्य फेरीत निकोला अ‍ॅडम्सकडून ती ११–६ अशी हरली. उंचीचा आणि हातांच्या लांबीचा फरक तिथे उघड दिसत होता. पुढे २०१८ मध्ये वयाच्या ३५ व्या वर्षी ती ४८ किलोत उतरून दिल्लीत पुन्हा जगज्जेती झाली. त्याच वर्षी पोलंडमधल्या स्पर्धेत ती पहाटे पोहोचली तेव्हा दोन किलो जास्त होती आणि काट्याला चारएक तास उरले होते. तिने सलग तासभर दोरीवरच्या उड्या मारून वजन उतरवले आणि सुवर्णपदकही घेतले.

शिवाय आपल्याकडच्या खेळाडूंना गट निवडण्याचे स्वातंत्र्य तरी किती असते? निखत झरीन २०२२ मध्ये इस्तंबूलला ५२ किलोत जिंकली, पण तो गट ऑलिंपिकमध्ये नाही म्हणून ५० वर आली. लवलिनाचा टोकियोतला ६९ चा गटच पॅरिसला नव्हता, म्हणून ती ७५ वर गेली. पुरुषांचे गट रिओत दहा होते, टोकियोत आठ, पॅरिसला सात. ५१ नंतर थेट ५७. मूळचा ५४ चा मुलगा कुठे जाणार?

कोपऱ्यातला_स्टूल

ईशान्यवारा, माझे वाक्य दुरुस्त करतो. दिशा महत्त्वाची नाही. शरीर स्वतःहून जिथे स्थिरावते त्या वजनापासूनचे अंतर महत्त्वाचे आहे. मेरी कोमचे शरीर ४८ च्या आसपासचेच होते, म्हणून तिला ४८ ‘खाली’ नव्हते आणि ५१ मात्र खरोखर वर होते. जोन्सबाबत मी एक गोष्ट पुरेशी स्पष्ट लिहिली नाही: त्याने हेवीवेटसाठी चढवलेले वजन बहुतांशी स्नायूंचे होते, आणि स्नायू घामासारखा एका दिवसात गाळता येत नाही. तो महिनोन्महिने कमी खाऊन आणि जास्त धावून, म्हणजे शरीरालाच शरीर खायला लावून उतरवावा लागतो. सरावाचा काळ, ज्यात खेळ सुधारायचा, तो सगळा काट्यापायी जातो.

अबोली

मी इथे नेहमी फक्त वाचते. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दोन वर्षे मुष्टियुद्ध शिकतो आहे. शनिवारी स्पर्धा आहे. त्याचे वजन खालच्या गटापेक्षा सव्वादोन किलो जास्त आहे आणि सरांनी ते शुक्रवारपर्यंत उतरवायला सांगितले आहे. काल रात्री तो पंखा बंद करून, दोन जर्किन घालून घरात धावत होता. पाणी दिले तर चूळ भरून थुंकतो. वर वाचलेले थुंकीचे वाक्य पाहून मला धक्का बसला, कारण त्याच्या पलंगाखाली मला तसाच डबा सापडला. काय करू?

नाडीपरीक्षा

अबोलीताई, पाणी तोडणे आजच थांबवा. पंधराव्या वर्षी हाडे, उंची आणि संप्रेरके घडत असतात. या वयात वजन वाढणे हा दोष नाही, ती वाढ आहे. बंद खोलीत जर्किन घालून धावल्याने उष्माघात होऊ शकतो. चक्कर, उलटी, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर स्पर्धेचा विचार न करता थेट डॉक्टरांकडे न्या.

तांबडी_माती

ताई, सरांशी भांडू नका, पण एकट्याने जाऊन सरळ बोला. ‘तो वरच्या गटात खेळेल, नाहीतर या वेळी खेळणार नाही,’ एवढेच सांगा. प्रवेशिकेत गट बदलता येतो का, हे लगेच विचारा. वजनाच्या दिवसापर्यंत पुष्कळदा येतो. मुलाला त्याच्यासमोर ‘बिचारा’ म्हणू नका. आमच्याकडे वजनावरून ओरडा खाल्लेली पोरे गपचूप पुन्हा तेच करतात.

कोपऱ्यातला_स्टूल

तो डबा मी गमतीने लिहिला होता. तसे लिहायला नको होते. मुलाला माझी तिसरी फेरी मात्र जरूर वाचून दाखवा. वरच्या गटातली मुले उंच असतील, तेव्हा त्याने लांबून खेळण्याच्या मोहात न पडता आत शिरून अंगावर खेळावे आणि वाटेत डोके सतत हलते ठेवावे. पाणी प्यायलेल्या मुलाला ते जमते.

अबोली

सर्वांचे आभार. सरांनी थोडे ऐकवले, पण गट बदलून दिला. तो वरच्या गटात पहिल्याच लढतीत गुणांवर हरला. खालच्या गटात जो मुलगा जिंकला, त्याला आमच्याने गेल्या वर्षी दोनदा हरवले होते, त्यामुळे कालपासून तो माझ्याशी धड बोलत नाही. लढतीचे चित्रीकरण मात्र मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहतो आहे. आज जेवताना त्याने एवढेच विचारले की, धाग्यावरच्या त्या काकांना विचार, समोरचा उंच असेल तर आत शिरताना आधी कोणता पाय टाकायचा.

कोपऱ्यातला_स्टूल

तो उजव्या हाताचा असेल तर डावा पाय, आणि पावलाबरोबरच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. पाय आधी पडून हात मागे राहिला, तर समोरचा उजवा त्याचीच वाट पाहत असतो. चित्रीकरणाचा दुवा मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. रविवारी निवांत पाहून लिहितो.